धरण उशाला, टारबॉल घशाला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही जरा डोकं फिरलेलं असताना, तेव्हा सांभाळून घ्या. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी निम्मे संगणकातलेच आहेत, त्यांना यातलं बरंचसं माहीत असेल. नातेवाईक मंडळींनी (आत्या, हे तुला!) मध्येच एखादा अगम्य शब्द आला तर दचकू नये. यात उजनी आहे, दाजी आहेत. तेवढं पुरे.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका जुन्या मित्राशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. मित्र लिनक्सवाला. कट्टर. बोलता बोलता मी सांगून बसलो की दाजींच्या दुकानासाठी गिंप, इंकस्केप, ऑडॅसिटी आणि लिब्रेऑफिसच्या विंडोजवर चालणाऱ्या ताज्या फायली पेनड्राईव्हवर भरतोय. त्यावर तो म्हणाला, "तू अजून विंडोजच्या घरी पाणी भरतोयस?"

आता हा वाक्प्रचार त्याने दुसऱ्या कुणाला ऐकवला असता तर चाललं असतं. उजनीकाठच्या माणसाला ऐकवायला नको होता.

आमच्याकडचं पाणी कसं असतं ते आधी सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृत साठा, म्हणजे कालव्याच्या दरवाजाच्या खालचं. कालवे गेले खाली, पंढरपूर-मोहोळ-मंगळवेढ्याकडे. ज्यांची गावं बुडाली ती माणसं वर सरकून बॅकवॉटरच्या कडेला बसली. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन, वांगी नंबर एक, दोन, तीन... गावांना सॉफ्टवेअरसारखे आवृत्तीचे नंबर पडले ते तेव्हापासून. या गावांना कालवा नाही. समोर समुद्रासारखं पाणी, पण ते आपणहून वावरात येत नाही. मोटार टाकावी लागते, केबल ओढावी लागते, पाइपलाइन गाडावी लागते, तीही दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर. मग कुठे ऊस आणि केळी. आणि हे एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की मोटारही त्याच्यामागे पुढे सरकवायची, गाळात चारी खोदायची. पाऊस झाला की रातोरात मागे ओढायची, नाहीतर गेली मोटार तळाला. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नासच्याही खाली गेली होती, तेव्हा कुणी किती केबल जोडली ते विचारा. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचं अगदी हेच आहे. सोर्स कोड म्हणजे धरणातलं पाणी. सगळ्यांचं, फुकट, अथांग. टार करून, दाबून एका गाठोड्यात ठेवलेलं, त्यालाच टारबॉल म्हणतात. वेबसाइटवर लिहिलेलं असतं, घ्या आणि आपापल्या यंत्रावर बांधून घ्या. दाजी कुठून बांधणार? त्यांना हवी दोनदा टिचकी मारली की बसणारी एक फाइल. ती बनवणारा माणूस म्हणजे मोटार टाकणारा माणूस. आमच्या लिनक्सवाल्यांच्या वर्तुळात या माणसाला काडीची किंमत नाही, आणि माझा राग त्याचा आहे.

(मी स्वतः घरी लिनक्सच वापरतो. २००४ पासून. त्यामुळे "तुला काय कळतं" हा प्रतिसाद कृपया देऊ नये.)

२००६ चा किस्सा सांगतो, त्यात चूक पूर्णपणे माझी आहे. दाजींनी तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, जत्रेच्या आणि निवडणुकीच्या रिक्षासाठी रेकॉर्डिंग. मशीनवर चोरीचं विंडोज एक्सपी, चोरीचं कोरल, चोरीचं फोटोशॉप. सगळं एकाच सीडीत, पन्नास रुपयांत. माझ्यातला समाजसुधारक जागा झाला. तेव्हा उबुंटूवाले जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे, माझ्याकडे दहा पडल्या होत्या. दिवाळीत गावी गेलो आणि दाजींच्या मशीनवर एक चढवून आलो. वर स्वातंत्र्यावर भाषण दिलं. ताईने चहा दिला, दाजी मान डोलवत होते.

पंधरा दिवसांत फोन. "पाव्हणं, तुमचं ते स्वातंत्र्य काढून टाकलंय." प्रिंटर चालत नव्हता. पत्रिकांच्या जुन्या फायली ज्या फाँटात होत्या तो फाँट तिथे नव्हता, त्यामुळे "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाला दिसत होता. ऐन लग्नसराईच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाची पत्रिका रखडली. त्याने गावभर काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, आत्या वाचते.

मग मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. विंडोज राहू दे, त्यातली चोरीची हत्यारं तेवढी बदलू. गिंप मुळात युनिक्सवरचा. बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिसने, नव्वदच्या दशकाच्या मध्यात लिहिलेला. तो विंडोजवर आणला फिनलंडच्या टोर लिल्क्विस्तने, तेही बराच काळ जवळजवळ एकट्याने. या माणसाचं नाव आमच्या किती "मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांना" माहीत आहे? स्टॉलमन आणि टोरवाल्ड्सचे फोटो भिंतीवर लावणाऱ्या पोरांना विचारून बघा.

पण २००६ साली त्या गिंपमध्येही मेख होती. आधी जीटीके नावाची फाइल वेगळी बसवायची, मग गिंप. उलटं केलं की भलतीच चूक दाखवायचं. पुण्यात ब्रॉडबँडवर बसलेल्याला ही दोन मिनिटांची गोष्ट. दाजींकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं, दिवसाचं भारनियमन होतं, आणि मी सीडीवर जीटीके टाकायला विसरलो होतो. म्हणजे मोटार आणली आणि फूटव्हॉल्व्ह पुण्यात! पुढे २००७ च्या २.४ आवृत्तीपासून दोन्ही एकाच फाइलीत यायला लागलं. प्रोग्रॅम तोच होता. फक्त कुणीतरी डबा नीट भरला, आणि त्यानंतर गिंप दाजींच्या मशीनवरून कधी हलला नाही.

ऑडॅसिटीचं तर याहून मजेशीर. जत्रेच्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग त्यात झकास व्हायचं, पण एमपीथ्री काढायची म्हटली की लेम नावाची एक फाइल वेगळी शोधून आणून दाखवावी लागायची. कारण पेटंट. पेटंटं संपली २०१७ मध्ये, ती फाइल ऑडॅसिटीच्या आतच यायला लागली २०१९ मध्ये. तोवर दाजींच्या दुकानातल्या भिंतीवर खडूने तिचा पत्ता लिहून ठेवलेला होता, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा. तालुक्यातले इतर रेकॉर्डिंगवाले येऊन उतरवून घ्यायचे. भिंतीवर खडूने लिहिलेलं ते दस्तऐवजीकरण मी कुठल्याही अधिकृत मदतपुस्तकाच्या वर ठेवतो.

आता कुणी म्हणेल, सरकारने करावं हे. सरकारने केलंही होतं, आणि ती गोष्ट लोक विसरले आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. २००५ मध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने भारतीय भाषांच्या सीडी काढायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तमिळ, जूनमध्ये हिंदी, आणि पुढे मराठीसकट इतर. भारतीय ओपनऑफिस, स्थानिक भाषेतला फायरफॉक्स, निरोपासाठी गेम, टपालासाठी कोलंबा, आणि ढीगभर फाँट. विंडोजवर बसणारं. मागितली की घरपोच, फुकट. कल्पना शंभर नंबरी होती! ज्याने कुणी ती मांडली त्याला मोटार म्हणजे काय ते कळत होतं. पण मोटार एकदा टाकली आणि फोटो काढून मंडळी निघून गेली. मूळ ओपनऑफिस पुढे गेलं, २०१० मध्ये त्याचं लिब्रेऑफिस झालं, फायरफॉक्सच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या आल्या, आणि सीडीतलं सगळं जागच्या जागी राहिलं. पाणी मागे हटलं, फूटव्हॉल्व्ह चिखलात. आमच्याकडे असल्या मोटारीला "उघडी पडली" म्हणतात.

त्याच काळात पुण्यात रेड हॅटमधली मंडळी खपून ग्नोमचं मराठीकरण करत होती, लोहित फाँट घडत होते. मेहनतीला तोड नाही. पण त्या अनुवादाचा एक शब्दही दाजींपर्यंत पोचला नाही, कारण तो लिनक्सच्या पॅकेजात होता आणि दाजी विंडोजवर. आजही बघा. लिब्रेऑफिसच्या विंडोजच्या फाइलीत मराठी आहे, मेनूसकट. पण विंडोज इंग्रजी असेल आणि बसवताना सरळ पुढे-पुढे दाबत गेलात, तर मराठी येत नाही. कस्टममध्ये शिरून भाषांच्या लांबलचक यादीतून मराठी हाताने निवडावी लागते. कितीजणांना माहीत आहे? मी विचारलेल्या नऊजणांत शून्य. नऊही संगणकातले. शेकडो तासांचा अनुवाद एका टिचकीवाचून मृत साठ्यात पडून आहे, आणि आमच्या परिषदांत अजून "अनुवादासाठी स्वयंसेवक हवेत" अशी भाषणं चालतात. एका परिषदेत मी उठून विचारलं होतं, विंडोजसाठी मराठी इन्स्टॉलर कोण बनवतंय? व्यासपीठावरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "सोर्स उपलब्ध आहे, आपण बनवा की." सभागृहही हसलं. मी बसलो. पण ते हसू डोक्यातून गेलं नाही.

मित्राचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो मूर्ख नाही. तो म्हणतो, चांगली मुक्त सॉफ्टवेअरं विंडोजवरच मिळाली तर विंडोज कोण सोडेल? तुम्ही आजार बरा करत नाही, आजाऱ्याला आराम देताय. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, हीच संधी आहे, जुन्या मशीनवर लिनक्स घाला. केडीई वगैरे मंडळींनी याची "एंड ऑफ टेन" नावाची मोहीमही काढली. मोहीम चांगली आहे. दाजींचं एक मशीन त्यातलंच, नवीन विंडोज त्यावर चढत नाही, आणि ते मशीन मी या दिवाळीत लिनक्सवर नेणारही आहे.

पण दुसऱ्या मशीनला आधारचं अंगठ्याचं यंत्र जोडलंय. त्याचा ड्रायव्हर विंडोजचा. त्या यंत्रावर दुकानाची निम्मी कमाई आहे, म्हाताऱ्या माणसांची पेन्शन आहे. स्वातंत्र्याच्या नावाखाली ते बंद पाडायचं का? आणि केलंत तर परत पंधरा दिवसांनी फोन येणार हे मी एकदा भोगलंय.

दुसरं म्हणजे, पहिल्या मशीनवर लिनक्स घालण्याची हिंमत मला का होतेय? कारण गेली अठरा-एकोणीस वर्षं दाजी गिंप, ऑडॅसिटी, व्हीएलसी, फायरफॉक्स विंडोजवरच वापरतायत. उद्या खालची जमीन बदलली तरी हातातली हत्यारं तीच राहणार. मित्राच्या हे लक्षात येत नाही की विंडोजवरच्या त्या इन्स्टॉलरांनीच हा रस्ता तयार केला. त्याने दिलेल्या सीडीने नव्हे. (माझ्याही नव्हे.)

तो लगेच केरळचं उदाहरण देतो. तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या, मग आपल्या का नाहीत? अरे बाबा, केरळात आयटी ॲट स्कूलवाल्यांनी टारबॉल वाटले नाहीत. शाळांना लागेल ते निवडून, मल्याळम नीट बसवून, स्वतःची वेगळी लिनक्स बांधली, मास्तरांना शिकवलं, आणि दरवर्षी सांभाळली. म्हणजे मोटारच टाकली की. फक्त तिथे ती सरकारने टाकली आणि सरकवत राहिलं. आपल्याकडे एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं, नोकरीसाठी सक्तीचं झालं, पण पोरं शिकली विंडोज आणि एमएस ऑफिस. त्या पोरांना "आता सगळं सोडून माझ्याकडे या" म्हणणं आणि त्यांच्या मशीनवर काहीतरी कामाचं ठेवून येणं, यातलं दुसरं जास्त अवघड आहे असं माझं मत झालंय.

बरं, हा फक्त खेड्याचा प्रश्न आहे असंही नाही. मॅकवर ओपनऑफिस चालवायला आधी एक्स-इलेव्हन लागायचं, म्हणून दोघातिघांनी मिळून निओऑफिस नावाची मॅकची स्वतंत्र बांधणी वर्षानुवर्षं चालवली. मूळ प्रकल्पाला अस्सल मॅक आवृत्ती काढायला २००८ उजाडलं. इंकस्केपला तर २०२०. अमेरिकेतल्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, मला वाटलं ते बंद पडलंय." महागड्या मॅकवर बसलेल्या पोराची ही कथा, मग आमच्या दाजींनी काय घोडं मारलंय?

आणि प्रामाणिक माणसाने डबा भरला नाही, तर तो रिकामा राहत नाही. कुणीतरी दुसरा भरतो. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपच्या सोडून दिलेल्या खात्याचा ताबा घेऊन विंडोजच्या इन्स्टॉलरला जाहिरातींचं लचांड चिकटवलं होतं, बराच बोभाटा झाला. २०२२ मध्ये गूगलवर गिंप शोधलं की वरच जाहिरात यायची, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटची, आणि खाली उतरायचा व्हायरस. दाजींसारखा माणूस पहिल्या ओळीवरच टिचकी मारतो. तुम्ही-आम्हीही मारतो, कबूल करा. अशा वेळी "आम्ही फक्त सोर्स देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा" ही भूमिका मला तात्त्विक वाटत नाही, ती हात झटकणं वाटते.

शिवाय दिवसेंदिवस हे काम महाग होत चाललंय. सही नसलेली फाइल उघडली की विंडोज निळा पडदा टाकून घाबरवतं. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. ॲपलकडे तर वर्षाला ९९ डॉलर भरून नोंदणी करायची आणि प्रत्येक बांधणी त्यांच्याकडून तपासून आणायची. प्रोग्रॅम फुकट वाटायला पैसे मोजायचे! गिंपच्या विंडोज इन्स्टॉलरमागे वर्षानुवर्षं स्लोव्हेनियाचा येर्नेय सिमोनचिच आहे. तो उद्या कंटाळला तर? आपल्याकडच्या कंपन्या परिषदेला टी-शर्ट देतात, कुणी प्रमाणपत्राचे पैसे दिलेले माझ्या तरी ऐकिवात नाही.

फोनवर मित्राला यातलं निम्मंच सांगता आलं. बाकीचं आवाज चढल्यामुळे राहिलं, म्हणून इथे. तो हे वाचेल. वाचून प्रतिसाद देईल, तोही लांबलचक. देऊ दे. पण त्याच्याकडे सोळा कोअरचं मशीन आहे आणि शनिवार-रविवार मोकळे असतात, तेव्हा प्रतिसादाच्या ऐवजी त्याने एक काम करावं. लिब्रेऑफिसची अशी फाइल बांधावी की साधं पुढे-पुढे दाबलं तरी मराठी येईल, सोबत मुक्त परवान्याचे चार चांगले फाँट (एक टाइपचे मुक्ता आणि बालू आहेतच), आणि इंटरनेटशिवाय बसेल. दर सहा महिन्यांनी नवी. पहिली बांधणी झाली की मी तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानांत स्वतः फिरून देईन, पेट्रोल माझं.

माझा पेनड्राईव्ह भरून झालाय. काल दाजींना फोन केला, शनिवारी येतो म्हटलं. ते बॅकवॉटरलाच होते, मागे चारपाच जणांचा हल्लकल्लोळ. म्हणाले, "या की पाव्हणं. पर येताना जुनी कापडं घालून या. वाईंडिंग जळालंय, मोटार वर काढायचीय, आन् हितं एक माणूस कमी पडतुया."